कोपरापर्यंतची बाही

भोईर सिस्टर माणसाचं तोंड नंतर बघायच्या, आधी डावा दंड. समोर कुणीही असो, पालिकेचे साहेब, पाण्याची टाकी धुवायला आलेला माणूस, कुणाची नवी सून, सिस्टरांची नजर त्याच्या खांद्यावरून थोडी खाली उतरायची आणि तिथला बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लशीचा, वाटोळा वण शोधायची. तो सापडला की मगच त्या "बोला" म्हणायच्या. डोंबिवलीच्या आमच्या आरोग्य केंद्रात मी डॉक्टर म्हणून रुजू झाले त्या दिवशी अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घालून गेले होते. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, कॉलेज विचारलं नाही. बोटाने बाही वर सारली, वण निरखला आणि म्हणाल्या, "देणारीचा हात चांगला होता." मी नवीकोरी डॉक्टर, कुणीतरी उठून उभं राहील अशा अपेक्षेने आलेली. मला त्यांचा चांगलाच राग आला होता.

नंतर कळलं की ते कौतुक होतं. एका शिंप्याने दुसऱ्याची शिलाई बघावी तशा त्या दुसऱ्यांनी दिलेल्या लशी बघायच्या. ही वर दिली, ही घाईत दिली, ही खोल गेली आणि पोराला दोन महिने त्रास झाला असणार, असं सगळं त्या नुसत्या वणावरून सांगायच्या आणि बहुतेक बरोबर सांगायच्या. स्वतःचा दंड मात्र त्यांनी कधी कुणाला दाखवला नाही. त्यांच्या पांढऱ्या साडीवरच्या ब्लाउजची बाही कोपरापर्यंत असायची. मे महिन्यात केंद्राचा पंखा बंद पडून आम्ही सगळ्या घामाने निथळत असलो तरी ती बाही तसूभर वर जायची नाही. जुन्या वळणाच्या आहेत, असं समजून आम्ही तो विषय सोडून दिला होता.

आमच्याकडे बीसीजी मंगळवारी असायची. त्या दिवशी सिस्टर सकाळीच टेबलाजवळचा पडदा ओढून घ्यायच्या, कारण ही लस उन्हाला भिते. गडद काचेची इवलीशी कुपी, तिच्यात मिठाचं पाणी मिसळलं की दहा बाळांपुरती लस तयार आणि चार तासांत ती संपवायची, उरली तर टाकून द्यायची. कुपी उघडल्याची वेळ त्या चिकटपट्टीवर लिहून ठेवायच्या. बाळाचा दंड साध्या पाण्याने पुसायच्या, स्पिरिटचा बोळा जवळपासही ठेवायच्या नाहीत. आत जिवंत जंतू आहेत, स्पिरिटने मरून जातील, असं त्या नव्या मुलींना बजावायच्या. मग डाव्या हाताने बाळाचा दंड मुठीत धरून कातडी ताणायची आणि सुई जवळजवळ आडवी सरकवायची. मसुराच्या डाळीएवढी पांढरी फोड उठली की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं. "कातडीला कळलं पाहिजे, मांसाला कळता कामा नये," हे त्यांचं शिकवणं. मी पाच वर्षं वैद्यक शिकून आलेली, पण ती फोड उठवायला मला तीन मंगळवार लागले.

पहिल्या मंगळवारी माझी सुई खोल गेली आणि फोड उठलीच नाही. बाळाच्या आईच्या काही लक्षात आलं नव्हतं. मी पुढच्या बाळाकडे वळणार एवढ्यात सिस्टर तिला म्हणाल्या, "डॉक्टरांचा हात आज पहिलाच होता गो, जरा खोल गेली. काखेत गाठ आली तर लगेच घेऊन ये, घाबरू नकोस." माझे कान तापले. दुपारी डबा खाताना मी त्यांना विचारलं की चार बायकांत हे सांगायची काय गरज होती. त्या शांतपणे भाकरी मोडत राहिल्या आणि म्हणाल्या, "आयांशी खोटं बोलायचं नाही, डॉक्टर. पोर त्यांचं आहे." सहा आठवड्यांनी त्या मला त्या बाळाच्या घरी घेऊन गेल्या आणि काखेत गाठ नाही हे माझ्याच बोटांनी चाचपायला लावलं.

बाकावर ताटकळणाऱ्या आज्यांना त्या लशीची गोष्ट सांगायच्या. ती इतकी ठरलेली होती की आम्हाला तोंडपाठ झाली होती. फ्रान्स देशात दोघे जण होते, एक माणसांचा डॉक्टर आणि एक गुरांचा. त्यांनी गाईच्या क्षयाचा जंतू घेतला आणि पित्तात शिजवलेल्या बटाट्याच्या फोडीवर वाढवायला ठेवला. दर तीन आठवड्यांनी नवी फोड, असं तेरा वर्षं. मधे लढाई झाली, गाव शत्रूच्या ताब्यात गेलं, तरी बटाटा बदलायचं यांनी थांबवलं नाही. शेवटी तो जंतू इतका मवाळ झाला की रोग करायचं विसरला, फक्त शरीराला ओळख करून द्यायचं काम उरलं. एकदा एका आजीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बटाट्यावरची आहे ना? मग उपासाला चालेल." सिस्टर पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या होत्या.

गोष्टीचा शेवट सांगताना मात्र त्यांचा आवाज खाली यायचा. पहिल्यांदा ही लस एका तान्ह्या बाळाला दिली. त्याची आई बाळंत झाली आणि क्षयाने गेली, सांभाळणारी आजी तिलाही क्षय. त्या बाळाला तिच्याच कुशीत वाढायचं होतं. तेव्हा सुई नव्हती, तोंडातून पाजली. बाळ वाचलं. एवढं सांगून त्या लगेच पुढचं सांगायच्या, की ही लस मोठ्या माणसाचा खोकला अडवत नाही. क्षय लहान पोराच्या डोक्यात शिरू द्यायचा नाही, हे तिचं काम आणि ते ती करते, बहुतेक वेळा. ते 'बहुतेक वेळा' मला खटकायचं. आया उगाच घाबरतात असं मी म्हटलं, तर त्या म्हणाल्या की मग काय 'नेहमी' म्हणू? ते खरं नाही.

घरी जाणाऱ्या प्रत्येक आईला त्यांचा निरोप एकच असायचा. "पिकेल, फुटेल, वाळेल. तू काही करायचं नाहीस. हळद नाही, मलम नाही, शेक नाही." तरी महिन्या-दीड महिन्याने कुणीतरी दंडावर हळदीचा लेप थापलेलं बाळ घेऊन भांडायला यायचंच, तुमच्या सुईने पोराचा हात नासला म्हणून. सिस्टर लेप हलक्या हाताने धुवून काढायच्या आणि खालचा पू बघून आढीतला आंबा बघावा तशा खूश व्हायच्या. छान पिकलंय म्हणायच्या.

मी तिथे रुजू होऊन वर्ष झालं असेल तेव्हा सुजाता आली. ठाकुर्लीला स्टेशनपासून जवळच्या चाळीत राहणारी, नवरा ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये कामाला. तिचा पहिला मुलगा दीड वर्षाचा असताना क्षयाच्या मेंदूज्वराने गेला होता. तो गावी जन्मला, लस राहून गेली आणि घरात सासऱ्यांचा खोकला होता, जो तोवर कुणी मनावर घेतला नव्हता. पोराचा ताप उतरेना, उलट्या थांबेनात, मग मान ताठ झाली. नंतर सासऱ्यांनी औषधांचा पूर्ण कोर्स घेतला, ते बरे झाले, पण नातवाच्या फोटोकडे ते कधी बघायचे नाहीत, असं सुजाता सांगायची. आता तिला मुलगी झाली होती, स्वरा. तिला सिस्टरांनी स्वतः लस दिली. फोड सुरेख उठली होती, मी पाहिली होती.

स्वरा साडेतीन महिन्यांची झाली, पुढच्या लशींना आली, आणि तिचा डावा दंड कोरा होता. पिकलं नाही, फुटलं नाही, वण नाही. असं काही मुलांच्या बाबतीत होतं. वण नाही म्हणजे लस लागली नाही असं नसतं आणि ती पुन्हा द्यायची नसते. पूर्वी काही ठिकाणी देत असत, पण आता वरून आलेल्या पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं. मी सुजाताला ते पत्रक वाचून दाखवलं. ती ऐकत होती, पण तिची बोटं सारखी बाळाच्या मानेखाली जात होती, मान ताठ आहे का बघायला. ती म्हणाली की दिवसातून वीस वेळा ती असं बघते, त्यापायी बाळही झोपत नाही आणि तीही. पुन्हा सुई द्या, नाहीतर ती मुलीला घेऊन उद्या माहेरी निघून जाणार आणि परत सासरी पाऊल ठेवणार नाही. सासरे पूर्ण बरे आहेत, हे मी पुन्हा सांगितलं. "पत्रकानं पोर वाचतं का, डॉक्टर?" तिने विचारलं.

तेव्हा भोईर सिस्टर उठल्या. पडदा ओढलेलाच होता. त्यांनी ब्लाउजची डावी बाही धरली आणि खांद्यापर्यंत वर गुंडाळली. इतक्या दिवसांत मी त्यांचा दंड पहिल्यांदा बघत होते. गोरा, सुरकुतलेला आणि अगदी कोरा.

"बघ," त्या म्हणाल्या. "आहे का काही? तीस वर्षं खोकणाऱ्या माणसांत बसते मी. काय झालं मला?"

सुजाताने तो दंड हाताने चाचपून बघितला, दोनदा. मग ती खाली बसली आणि खूप दिवसांनी रडावं तशी रडली. रडून झाल्यावर तिने बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि ती माहेरी नाही, ठाकुर्लीला घरी गेली. सिस्टरांनी बाही खाली ओढली. मी त्यांना म्हणाले की तुम्ही जिंकलात. त्या दिवशी त्यांनी आज्यांना बटाट्याची गोष्ट सांगितली नाही.

पुढच्या मंगळवारी केंद्र बंद झाल्यावर खडवलीला घरी जाताना त्या ठाकुर्लीला उतरल्या. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. मग ते ठरूनच गेलं. स्वराचं वजन, काख, मान, खोकला, खाणंपिणं सगळं बघायचं, चहा घ्यायचा आणि पुढची गाडी पकडायची. सासऱ्यांना जरा शिंक आली तरी त्यांना थुंकीच्या तपासणीला पाठवायच्या. म्हातारा वैतागायचा, पण जायचा. एवढी बाळं त्यांच्या हाताखालून गेली, एकीवरच हा जीव का, असं आम्ही चेष्टेने विचारायचो. त्या म्हणायच्या, चहा चांगला करते सुजाता.

स्वरा दोन वर्षांची असताना एका रविवारी दुपारी तिला ताप भरला आणि दोन उलट्या झाल्या. दोन वर्षांच्या मुलांना होतं तेवढंच. पण सुजाताकडे पोचलेल्या सिस्टरांचा मला फोन आला तेव्हा त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. मी रिक्षा करून ठाकुर्लीला गेले. मान सहज वाकत होती, पोरगी खेळकर होती, कान दुखत होता एवढंच. औषध लिहून दिलं आणि बाहेर आले तर भोईर सिस्टर चाळीच्या पायरीवर बसल्या होत्या. मी शेजारी बसले. तिथे त्यांनी मला सांगितलं.

त्या खडवलीच्या शाळेत दुसरीत होत्या तेव्हा बीसीजीवाली माणसं आली होती. सुईच्या भीतीने त्या वर्गाच्या मागच्या दाराने पळाल्या. धाकटा भाऊ बाळू चार वर्षांचा, आईने लस घ्यायलाच त्याला शाळेत सोडलेलं. त्याचाही हात धरून त्या नदीवर गेल्या आणि ती माणसं जाईपर्यंत दोघं खडकाआड बसून राहिले. बाळूला फार मजा वाटली होती. घरात वडिलांना खोकला होता. पुढच्या होळीच्या आधी बाळूला ताप आला, उलट्या झाल्या आणि त्याची मान ताठ झाली.

"नर्सिंगला गेले तेव्हा माझी क्षयाची चाचणी केली," त्या म्हणाल्या. "हातावर ही एवढी गाठ आली. म्हणजे तो जंतू मला लहानपणीच भेटून गेलेला, आता लस देऊन काय करायचं. तशीच राहिले. लस घेऊन वण उठला नाही, असं नाही ते. मी घेतलीच नाही, डॉक्टर. आणि तो हात दाखवून त्या पोरीला घरी पाठवली."

मी म्हणाले, सिस्टर, जे तुम्ही बोललात त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. आणि स्वराबद्दल जे सांगितलंत ते तर शास्त्रानेच खरं आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. शब्द खोटे नव्हते, पण सुजाताला जे कळलं ते खोटं होतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. स्वराला काही झालं तर सुजाता याच हाताला बोल लावेल आणि बरोबर करेल, असं त्या म्हणाल्या. मग चहाचा कप द्यायला सुजाता दारात आली आणि सिस्टर स्वराच्या कानाबद्दल बोलू लागल्या.

त्या निवृत्त झाल्या तरी जाणं थांबलं नाही. आधी दर आठवड्याला, स्वरा शाळेत जायला लागल्यावर महिन्यातून एकदा, पण वार मंगळवारच. तिला सांगून टाका, असं मी दोन-तीनदा सुचवलं. त्या हो म्हणायच्या आणि यायच्या चहा पिऊन. आयुष्यभर आयांना तोंडावर खरं सांगणारी ही बाई एवढं एक वाक्य बोलू शकत नव्हती, आणि ते मला बघवत नव्हतं.

मागच्या थंडीत त्यांचं हृदय थकलं. मी खडवलीला भेटायला गेले. खाटेवर गोधडी पांघरून बसलेल्या, साधा गाऊन अंगात, आणि त्याची बाही अर्धी. मला बघून त्या हसल्या. मी नळाचं पाणी पिते की उकळलेलं, इथपासून सगळी चौकशी झाली. निघताना त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत त्या मला कधी 'अगं' म्हणाल्या नव्हत्या.

"अगं, सुजाताला तूच सांग आता. माझ्याच्यानं नाही झालं."

मी हो म्हटलं. त्यानंतर तेराव्या दिवशी त्या गेल्या.

सुजाताला बातमी कळली होती, ती खडवलीला जाऊनही आली होती. मी मुद्दाम मंगळवारी संध्याकाळी ठाकुर्लीला गेले. स्वरा आता आईच्या खांद्याला लागते. ती खाली कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला गेली होती. सासरे दारात खुर्ची टाकून बसले होते, ठणठणीत. सुजाताने चहा ठेवला आणि मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बसले असते तर माझ्याच्यानंही झालं नसतं. शाळा, नदी, बाळू, चाचणी, तो कोरा दंड. तिची माफी कशी मागावी ते मला माहीत नव्हतं, म्हणून सिस्टरांच्या जिवाला किती लागलं होतं ते सांगितलं.

सुजाताने गॅस बारीक केला.

"नदीचं नव्हतं माहीत," ती म्हणाली. "पण त्यांचं काहीतरी खरं नव्हतं, ते मला दुसऱ्याच मंगळवारी कळलेलं. खात्री असलेली बाई पोरीची मान बघायला कशाला येईल सारखी?"

मी विचारलं, मग तू त्यांना बोलली का नाहीस? त्यांना केवढं हलकं वाटलं असतं.

"बोलले असते तर त्या लाजून यायच्या बंद झाल्या असत्या." तिने चहा गाळला, तीन कप. तिसरा बहुधा मंगळवारच्या सवयीने. "त्या येईपर्यंत मी एकटी भीत होते, डॉक्टर. नंतर आम्ही दोघी भ्यायचो. झोप लागायला लागली मला."

मला तिथे स्वयंपाकघराच्या दारात रडू फुटलं, आणि तिने मला रडू दिलं. तेवढ्यात स्वरा जिना चढून आली, तिने तिसरा कप पाहिला, स्वतःपुढे ओढला आणि त्यात बिस्कीट बुडवलं.

आजही मंगळवारी टेबलाजवळचा पडदा मी स्वतः ओढते. नव्या मुलींना फोड उठवायला शिकवते आणि आज्यांना बटाट्याची गोष्ट सांगते, 'बहुतेक वेळा' हे शब्द न गाळता. कधी एखादी आई कोऱ्या दंडाचं बाळ घेऊन येते, तेव्हा मी तिला बसवते, पत्रक काढते, त्यात काय लिहिलंय ते नीट समजावून सांगते. आणि मग तिचा पत्ता विचारते.